गव्हावर दर वर्षी मावा परत का येतो? फवारणीआधी ओळख पटवून घ्या

जानेवारी उजाडला, दोन-तीन दिवस ढगाळ हवा राहिली की तक्रार ठरलेली असते. गव्हाची पानं चिकट झालीत, वरचं पान पिवळं पडतंय, ओंबीवर हिरवे-काळे ठिपके बसलेत. एक फवारणी झाली, आठ दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. पुढच्या वर्षी त्याच वावरात, त्याच सुमाराला परत मावा, रस शोषणारी तीच बारीक कीड. दुकानदार औषध बदलून देतो, खर्च वाढतो आणि दाणा शेवटी बारीकच निघतो.

माझं म्हणणं असं की औषध कमजोर पडल्यामुळे हे दर वर्षी घडतं, असं फार थोड्या वावरांत असतं. बहुतेक ठिकाणी कारणं तीनच असतात: पेरणी उशिरा झालेली असते, युरिया उशिरा आणि जास्त पडलेला असतो, आणि मावा डोळ्यांना दिसतो तेव्हा त्याची तिसरी-चौथी पिढी सुरू झालेली असते. म्हणून औषधाचं नाव विचारण्याआधी वावरात खाली बसा आणि एक रोप नीट बघा.

आधी खात्री करा, हा मावाच आहे का

पिवळं पडणारा प्रत्येक गहू माव्याने पिवळा पडत नाही. नत्र कमी पडलं तर आधी खालची, जुनी पानं शेंड्याकडून पिवळी होत जातात आणि पिवळेपणा वावरभर सारखा दिसतो. तांबेरा असेल तर पानावर बोट घासा, नारिंगी किंवा विटकरी भुकटी बोटाला लागते. वाळवी असेल तर रोप वाळतं आणि हलकं ओढलं तरी सहज उपटून येतं. पोंगा (रोपाच्या मधला न उलगडलेला कोवळा शेंडा) मेलेला असेल, ओढल्यावर सुटून हातात येत असेल तर खोडमाशी किंवा खोडअळीकडे बघा. माव्यात यातलं काहीच होत नाही. मावा पाठीमागे तीन खुणा ठेवतो.

पहिली खूण म्हणजे चिकटा. सकाळी गव्हावर दव असतंच, त्यामुळे सकाळच्या चकाकीवर जाऊ नका. दुपारी बारा-एकला जा. दव केव्हाच उडालेलं असतं. तरीही पान उन्हात तेल लावल्यासारखं चमकत असेल, अंगठा टेकवून उचलताना त्वचा हलकी ओढली जात असेल आणि पानावर धूळ चिकटलेली असेल तर तो चिकटा. मावा रस शोषतो, त्यातली जास्तीची साखर मागच्या बाजूने बाहेर टाकतो, ती खालच्या पानावर पडते. रब्बी ज्वारी करणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही.

दुसरी खूण बारीक आहे आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पानावर, विशेषतः पान खोडाला मिळतं तिथे, पांढरे भुशासारखे कण दिसतात. बुरशी समजून लोक त्यावर बुरशीनाशक मारतात. भिंगातून पाहा, नसेल तर मोबाईलचा कॅमेरा जवळ नेऊन फोटो मोठा करा. त्या पांढऱ्या कणांना पाय दिसतील. त्या माव्याच्या पिल्लांनी टाकलेल्या काती असतात. पिल्लू मोठं होईपर्यंत साधारण चार वेळा कात टाकतं, म्हणून काती भरपूर दिसल्या की मावा तिथे काही दिवसांपासून मुक्कामाला आहे हे समजावं.

तिसरी खूण काळेपणाची. चिकट्यावर काळी बुरशी वाढते, पानं आणि ओंब्या काळ्या पडतात. इथे काणी रोगाशी गल्लत होते. ओल्या कापडाने ओंबी पुसा. काळं पुसलं गेलं आणि आत दाणा शाबूत असला तर ती चिकट्यावरची बुरशी. काणीत दाण्याच्या जागी नुसती काळी भुकटी असते, दाणा नसतोच. काणीवर उभ्या पिकात काही करता येत नाही, ती बीजप्रक्रियेनेच रोखावी लागते. म्हणून हा फरक कळणं महत्त्वाचं.

कुठला मावा, कुठे बसलाय

सगळे मावे सारखे धरले की फवारणी चुकते, कारण प्रत्येकाची बसायची जागा वेगळी. मावा म्हणजे दीड-दोन मिलिमीटरचा, मऊ, नाशपातीसारख्या घाटाचा किडा. पाठीच्या मागच्या भागावर दोन बारीक नळ्या उभ्या असतात. मावा ओळखायचा तो या नळ्यांवरून. रंग फसवतो, कारण एकाच जातीत फिकट आणि गडद दोन्ही सापडतात.

आपल्याकडे गव्हावर मुख्यतः दोन जाती दिसतात. एक मक्यावरचा मावा, रोपॅलोसायफम मेडिस. रंग निळसर हिरवा, पाय आणि नळ्या काळ्या, नळ्या आखूड, आणि नळ्यांच्या बुडाशी गडद जांभळट डाग. हा पोंग्यात आणि पानाच्या आवरणात दडून बसतो. वरून पाहिलं तर वावर स्वच्छ वाटतं, पोंगा उलगडला की आत गच्च भरलेला. मका आणि ज्वारीवरही हाच राहतो, म्हणून शेजारी रब्बी ज्वारी किंवा चाऱ्याचा मका असेल तर गव्हावर येणारे पंखवाले मावे तिथून उठलेले असू शकतात.

दुसरा सिटोबियन, गव्हाच्या ओंबीवर बसणारा. हिरवट, पिवळसर ते तांबूस तपकिरी, अंगाने जरा मोठा, मिशा लांब आणि नळ्या लांब व ठसठशीत काळ्या. हा वर वर चढत जातो. निसवणीआधी, म्हणजे ओंबी बाहेर पडण्याआधी, वरच्या पानांवर, निसवल्यावर ओंबीत, दाण्यांच्या मधल्या फटींत. ओंबीला हात लावला की काही मावे लगेच खाली टपकतात. मोजताना हे लक्षात ठेवा, ओंबीखाली तळहात धरून मगच ती हलवा.

तिसरा, रोपॅलोसायफम पाडी, गोलसर, गडद ऑलिव्ह हिरवा. मागच्या बाजूला नळ्यांच्या आसपास गंजासारखा तांबूस पट्टा असतो. हा खोडाच्या खालच्या भागात राहणं पसंत करतो. गव्हाचा पिवळा बुटका विषाणू वाहून नेणाऱ्या माव्यांत जगभर याचं नाव वरचं आहे. सिटोबियनही तो पसरवतो. त्या रोगाने रोप खुजं राहतं, पान शेंड्याकडून पिवळं किंवा लालसर होत येतं आणि खत देऊनही सुधारत नाही.

मुळावरचा मावा वेगळाच. पीक लहान असताना, हलक्या जमिनीत, पाणी लांबलं की वावरात पिवळे ठिगळ दिसायला लागतात. पानावर काही सापडत नाही. रोप मातीसकट खुरप्याने उकरून काढा, ओढू नका. मुळाच्या आणि खोडाच्या जोडावर गडद हिरवे-तपकिरी मऊ किडे दिसतात, बऱ्याचदा मुंग्याही असतात. वरून पानावर फवारून यांना काही होत नाही. ओलित दिलं की जोर कमी होतो. असं ठिगळ दर वर्षी दिसत असेल तर पुढच्या पेरणीला कीटकनाशकाची बीजप्रक्रिया करणं हाच शहाणपणाचा मार्ग.

करडईवरचा काळा मावा आणि मोहरीवरचा मावा मात्र गव्हावर येत नाहीत. त्यांचं पीक वेगळं, जात वेगळी. बांधावरच्या करडईवर मावा दिसला म्हणून घाबरून ती उपटू नका. त्याच माव्यावर ढालकिडे (मावा खाणारे मित्रकिडे) वाढतात आणि पुढे गव्हात उतरतात.

नुकसान नेमकं कधी होतं

मावा सुईसारखी सोंड रसवाहिनीत खुपसून रस ओढतो. फुटवे फुटत असताना मोठी वस्ती झाली तर फुटवे कमी राहतात, रोप दबतं. पण खरा फटका निसवणीपासून दाणा चिकात, म्हणजे दुधाळ असेपर्यंत बसतो. या काळात दाण्यात जे भरतं त्यातला मोठा वाटा वरच्या झेंडा पानाचा आणि ओंबीचा असतो. सिटोबियन नेमका तिथेच बसतो. जोडीला चिकटा आणि काळी बुरशी पानावर पसरली की प्रकाश अडतो. ओंब्यांची संख्या तेवढीच राहते, दाणे मात्र सुरकुतलेले, हलके. मळणी झाल्यावर वजन का घटलं हे कळत नाही, कारण वावर लांबून चांगलं दिसत होतं.

दाणा चिकातून पिठाळ होऊन घट्ट व्हायला लागला की मावा असला तरी नवं नुकसान फार होत नाही. त्या वेळी फवारलेलं औषध म्हणजे वाया गेलेला पैसा, आणि वर दाण्यात अंश राहण्याची भीती. फेब्रुवारीअखेर ऊन तापलं, ओंब्या सोनेरी व्हायला लागल्या की मावा आपोआप घटतो. पुष्कळदा याच सुमाराला शेवटची फवारणी झालेली असते आणि श्रेय औषधाला मिळतं.

मोजल्याशिवाय फवारू नका

मोजायला अर्धा तास पुरतो. बांधाकडची चार-पाच सऱ्यांची पट्टी सोडा, कारण पंखवाले मावे आधी कडेला उतरतात आणि तिथला आकडा फुगलेला असतो. वावरात नागमोडी चाला, पाच ठिकाणी थांबा, प्रत्येक ठिकाणी दहा फुटवे बघा. पोंगा उलगडून, पानाच्या मागून, आवरणात डोकावून. सगळ्यांची बेरीज भागिले पन्नास. एका फुटव्यावर सरासरी १० ते १५ मावे निघाले तर फवारणीचा विचार करायचा. ओंबी आल्यावर माझ्या मते एवढं थांबू नये. पंजाबात ओंबीमागे ५ मावे ही पातळी धरतात आणि दाणा भरण्याच्या काळासाठी ती मला जास्त पटते.

मावे मोजताना मित्रही मोजा. लाल-नारिंगी पाठीवर सात काळे ठिपके असलेला ढालकिडा सगळे ओळखतात, पण त्याची अळी पाहून घाबरणारे खूप. ती काळसर राखाडी, लांबट, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीसारखी दिसते आणि तीही भरपूर मावा खाते. सिरफिड माशीची अळी बिनपायाची, हिरवट, अर्धपारदर्शक, माव्यांच्या गर्दीत लोळताना सापडते. आणखी एक गोष्ट आवर्जून शोधा: फुगलेले, तपकिरी-सोनेरी, कडक झालेले, जागचे न हलणारे मावे. त्यांच्या पोटात बारीक गांधीलमाशीची अळी वाढत असते. पाठीवर गोल भोक दिसलं तर माशी बाहेर पडून पुढच्या माव्याच्या शोधात गेलेली आहे. दर दुसऱ्या-तिसऱ्या फुटव्यावर ढालकिडा, त्याची अळी किंवा असे फुगलेले मावे दिसत असतील आणि मावा पातळीच्या खाली असेल, तर चार दिवस थांबून पुन्हा मोजा. आकडा खाली आला असेल तर पंप घरातच राहू द्या.

फवारूनही मावा का परततो

पहिलं कारण त्याच्या जन्मातच आहे. गव्हावरच्या मावा-माद्यांना नर लागत नाही. त्या अंडी न घालता थेट पिल्लं देतात आणि पिल्लू साधारण सात ते दहा दिवसांत पिल्लं द्यायला तयार होतं. म्हणजे फवारणीतून शेकडा पाच-दहा वाचले तरी दोन आठवड्यांत वस्ती पुन्हा उभी राहते. गर्दी झाली किंवा पान जून झालं की पंखवाल्या माद्या तयार होतात आणि शेजारच्या वावरात जातात.

दुसरं, पाणी कमी. थायामेथोक्झाम २५ टक्के दाणेदार गव्हावर हेक्टरी ५० ग्रॅम, ५०० लिटर पाण्यातून द्यायचं असतं. म्हणजे एकरी २० ग्रॅम आणि २०० लिटर पाणी, पंधरा लिटरचे तेरा पंप. प्रत्यक्षात पाच-सहा पंपांत एकर उरकला जातो. मग भरपाई म्हणून पंपात औषध दुप्पट टाकलं जातं. पोंग्यात बसलेल्या माव्यापर्यंत ते पोहोचतच नाही. औषध अंतर्प्रवाही (रोपात शिरून रसातून पसरणारं) असलं तरी पानावर नीट बसल्याशिवाय आत जाणार कसं? गव्हाच्या पानावर मेणाचा थर असतो, थेंब घरंगळतो, म्हणून चांगलं स्टिकर (औषध पानाला चिकटवून ठेवणारं द्रावण) घाला, नोझल बारीक थेंबांचं वापरा आणि भरभर चालू नका.

तिसरं, औषध बदललं असं वाटतं पण गट तोच राहतो. थायामेथोक्झाम, अ‍ॅसिटामिप्रीड, इमिडाक्लोप्रीड ही वेगवेगळी नावं, तिन्हींची मारण्याची पद्धत एकच. एकीनंतर दुसरी मारणं म्हणजे बदल नव्हे. एका हंगामात या गटाची एकच फवारणी करा. सुरुवातीच्या कमी प्रादुर्भावात ५ टक्के निंबोळी अर्क किंवा व्हर्टिसिलियम लेकॅनी ५० ग्रॅम १० लिटर पाण्यातून, संध्याकाळी, हवेत ओलावा असताना द्या. व्हर्टिसिलियम ही उपयुक्त बुरशी आहे. तांबेऱ्यासाठी त्याच आठवड्यात बुरशीनाशक मारलं असेल तर ती मरते, मग लोक म्हणतात जैविक चालत नाही.

चौथं, मित्र मेले. पायरेथ्रॉइड गटाचं औषध स्वस्त पडतं आणि फवारल्या संध्याकाळी वावर साफ दिसतं. पण ढालकिडे आणि बारीक गांधीलमाश्याही संपतात, आणि नंतर जी वस्ती उठते तिला अडवायला कोणी नसतं. दोनदा फवारलं तरी पहिल्यापेक्षा जास्त मावा आला, अशी तक्रार ऐकली की मी आधी पहिल्या फवारणीत काय मारलं होतं ते विचारतो.

निफाड, येवला, चांदवड या भागात गव्हाच्या शेजारी कांद्याचे डोंगळे (बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याचे फुलांचे गोंडे) फुललेले असतात. तिथे मधमाश्यांवाचून बी भरत नाही. थायामेथोक्झाम मधमाश्यांना अतिशय घातक आहे. फवारणी लागलीच तर माश्या घरी परतल्यावर, संध्याकाळी, वारा पडलेला असताना करा आणि शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगा. काढणीला किमान २१ दिवस उरले नसतील तर हे औषध वापरू नका आणि फवारलेला हिरवा गहू जनावरांना टाकू नका.

मुळात येऊच नये म्हणून

बागायत गव्हाची वेळेवरची पेरणी १ ते १५ नोव्हेंबर. सोयाबीन किंवा मका निघायला वेळ लागतो, वावर ओलं असतं, कापसाची वेचणी लांबते, हे सगळं खरं. तरीही डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पेरलेल्या गव्हाचं निसवणं आणि माव्याचा जोर नेमका एकाच वेळी येतो. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातला गहू तोवर दाणा भरण्याच्या बराच पुढच्या टप्प्यात असतो. पेरणी उशिरा होणारच असेल तर उशिराला चालणारा वाण घ्या. निफाडच्या गहू संशोधन केंद्राचा फुले समाधान दोन्ही वेळांना चालतो, नेत्रावती आणि त्र्यंबकही या भागात रुळलेले आहेत, पण ते उशिराच्या पेरणीचे वाण नाहीत. यातला एकही वाण मावा लागत नाही म्हणून निवडू नका. निवडायचा तो वेळेसाठी.

खताचं गणित सगळ्यात जास्त इथेच बिघडतं. वेळेवरच्या बागायत गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० स्फुरद, ४० पालाश. उशिराच्या पेरणीला नत्र ९० किलोवर येतं. अर्धं नत्र पेरणीला आणि उरलेलं २१ दिवसांच्या सुमाराला, पहिल्या पाण्याबरोबर. एवढ्यावर थांबायचं. पण ४५-५० दिवसांनी पीक जरा फिकट वाटलं की युरियाची आणखी एक गोण पडते. गहू दोन दिवसांत काळाभोर हिरवा होतो, बघून मन भरतं. त्या लुसलुशीत पानात माव्याला हवं असतं ते सगळं असतं, आणि पीक पक्व व्हायलाही लांबतं. दर वर्षी मावा येणाऱ्या वावरात मी पहिल्यांदा हीच तिसरी गोण बंद करायला सांगेन, औषध बदलण्याच्या कितीतरी आधी.

पाण्याच्या पाळ्या मुकुटमुळं फुटताना, कांडी धरताना, फुलोऱ्यात आणि दाणे चिकात असताना चुकवू नका. ताण बसलेल्या रोपाला तेवढाच मावा जास्त जड जातो. गव्हात अधूनमधून मोहरीची ओळ असेल तर उत्तम. तिच्यावरचा मावा गव्हाला लागत नाही आणि ढालकिड्यांना लवकर खाद्य मिळतं. पिवळे चिकट सापळे डिसेंबरच्या मध्यापासून लावा. त्यांनी मावा संपत नाही, पण पंखवाले केव्हा उतरले हे कळतं आणि मोजणी कधी सुरू करायची ते ठरतं.

कृषी सहायक किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारायला जाल तेव्हा नुसतं पान घेऊन जाऊ नका. मुळासकट दोन रोपं पिशवीत घ्या, पोंगा आणि ओंबी शाबूत ठेवून. सोबत पेरणीची तारीख, वाण, युरिया कधी आणि किती दिला, आधी काय फवारलं, फुटव्यामागे किती मावे मोजले आणि ढालकिडे दिसले का, एवढं कागदावर लिहून न्या. नुसता फोटो पाठवायचा असेल तर माव्याच्या मागच्या दोन नळ्या स्पष्ट येतील इतका जवळून काढा.